रिकामा पाळणा हलवू नये

"हं, आता हलव," असं म्हणून आजींनी त्या बाबागाडीत कोबीचा गड्डा ठेवला.

बाबागाडी आमची नव्हती. कोबीही आमचा नव्हता. इथे न्यूझीलंडमध्ये, अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात सिना नावाची सामोआ बेटांवरची एक बाई भाजी विकायची, तिचीच बाबागाडी आणि तिचाच कोबी. तिचं नातवंड कुणाच्या तरी खांद्यावर झोपलेलं होतं, आणि ही बाई एका हाताने केळी तोलत दुसऱ्या हाताने रिकामी बाबागाडी उगाचच मागेपुढे करत होती. आजींना ते बघवेना. त्यांनी ढिगातला एक बरा गड्डा निवडला, गाडीत ठेवला आणि वर तिचंच दुपटं पांघरलं.

सिनाने कोबीकडे बघितलं, आजींकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला तर जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. "सॉरी," मी म्हटलं, "आमच्यात रिकामा पाळणा हलवत नाहीत. बाळाला बाधतं म्हणतात." सिना आधी गडगडाटी हसली, मग खरोखरच कोबीला झोके द्यायला लागली. "गुड बेबी," म्हणाली, "नो क्राइंग!" पुढच्या रविवारी आजी लांबून दिसल्याबरोबर तिने आपण होऊन गाडीत कोबी ठेवला होता.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना जगातला एकच नियम मोडलेला सहन होत नाही. आजी सिग्नल न बघता रस्ता ओलांडायच्या, लायब्ररीत मोठ्याने बोलायच्या, बसमध्ये ड्रायव्हरला शेंगदाण्याचे लाडू द्यायच्या. पण बागेतला रिकामा झोका वाऱ्याने हलला तरी त्या जाऊन त्यावर आपली पर्स ठेवून येत.

त्यांना आजी कुणी म्हणायला सुरुवात केली ते आठवत नाही. आम्ही सगळीच तिशीतली, पुण्या-मुंबईहून आलेली, नोकऱ्यांच्या मागे धावणारी. आमच्या आया सहा महिन्यांच्या व्हिसावर यायच्या, बाळंतपण उरकून परत जायच्या. या मात्र कायमच्या आल्या होत्या. नवरा गेल्यावर मिरजेचं घर बंद करून एकुलत्या एका मुलाकडे, समीरकडे, राहायला. म्हणून सगळ्यांनी त्यांना आजी करून टाकलं. त्यांना स्वतःला नातवंड नव्हतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

येताना त्यांनी सामानात दोन वस्तू आणल्या होत्या. समीर लहानपणी ज्यात झोपला तो सागवानी पाळणा, सुटा करून, दांडे जुन्या लुगड्यात बांधून. आणि एक वरवंटा. पाटा जड म्हणून मिरजेलाच राहिला. विमानतळावर लाकूड बघून त्यांना बाजूला घेतलं. पाळणा तपासायला म्हणून ठेवून घेतला. वरवंटा हातात धरून तो अधिकारी विचारत राहिला, हे नक्की काय आहे? आजींनी काय केलं असेल? पिशवीतलं टोपडं काढलं, वरवंट्याला घातलं आणि त्याला छातीशी धरून झुलवून दाखवलं. समीर सांगायचा, "त्या माणसाने पुढे काही विचारलंच नाही. सरळ जा म्हणाला."

आता न्यूझीलंडच्या माणसाला बारशात आधी वरवंटा पाळण्यात निजवतात, मग बाळ, हे कुणी आणि कसं सांगायचं?

पाळणा तिथून सुटून आला की समीरच्या घरी लागायचा होता. समीर-मेघनाच्या लग्नाला तेव्हा दोन-तीन वर्षं झालेली. पण मधल्या काळात मी बाळंत झाले, माझ्या आईचा व्हिसा रखडला, आणि पाळणा आधी माझ्याकडे आला. पाठोपाठ आजी आल्या.

इथल्या न्हाणीघरात जमिनीला मोरी नसते. पाणी सांडलं की लाकूड फुगतं. आजींनी सगळीकडे नजर फिरवली आणि साडी गुडघ्यापर्यंत खोचून सरळ टबात जाऊन बसल्या. पाय लांब केले, म्हणाल्या, "आण ती भवानी." माझी ऋचा त्यांच्या नडग्यांवर पालथी. तेल, मग डाळीचं पीठ आणि साय, मग कढत पाणी. कपाळावर आडवा हात धरायचा, म्हणजे पाणी डोळ्यांत जात नाही. त्यात नेमकी मिडवाइफ घरी तपासायला आली. भिजल्या साडीत टबात बसलेली म्हातारी आणि तिच्या पायांवर गुलाबी झालेली, जांभया देणारी पोर बघून ती दारातच थबकली. मला वाटलं, आता ही कुणालातरी फोन करणार. पण ती टबाच्या काठावर बसली, सगळं नीट पाहिलं, आणि ऋचा तिथेच झोपली तेव्हा म्हणाली, "स्वीट ॲज!"

"काय म्हणते?" आजी.

"झकास आहे म्हणते."

"मग! तिला म्हणावं, ये शिकायला."

माझ्याकडून पाळणा पुढे गेला, तिथून आणखी पुढे. ज्या घरी पाळणा, त्या घरी आजी. सकाळी कुणीतरी त्यांना गाडीतून न्यायचं, दुपारी कुणीतरी सोडायचं. डिंकाचे लाडू, शेक, बाळंतशेपा. टब कुणाचा मोठा, कुणाचा फारच अरुंद, हे त्या डोळे मिटून सांगायच्या. पाळण्याचे दांडे कधी स्टेशन वॅगनच्या टपावर, कधी मागच्या सीटवर, आणि आत टोपडं घातलेला वरवंटा, पाळणा रिकामा जायला नको म्हणून.

मग हळूहळू बोलावणी कमी झाली. भांडण नाही, तंटा नाही. लोक एकावर थांबले. काहींनी तेही पुढे ढकललं, आणि ढकलता ढकलता विषयच बंद झाला. घराचा हप्ता दोघांच्या पगाराशिवाय फिटत नव्हता, डे-केअरला रांगा, आईवडील बारा हजार किलोमीटरवर. आमच्या बैठकांमध्ये डझनभर जोडपी आणि मधे सतरंजीवर खेळणारी चार पोरं. ती चार पोरंही एकमेकांशी इंग्रजीतच भांडायची.

आजी ऋचाला दुसरं भावंड यावं म्हणून माझ्या मागे लागल्या होत्या. "वृंदे, एकटं पोर हट्टी होतं गं."

"आजी, ऑफिसातून येते, स्वयंपाक करते, हिला झोपवता झोपवता मीच झोपते. मला दुसरं मूल नको, मला झोप हवी."

"झोप काय, म्हातारपणी आहेच."

"तुम्हाला लागते का?"

"नाही," त्या म्हणाल्या आणि आम्ही दोघी हसलो. खरं सांगते, मला तेव्हा हसायचाही कंटाळा यायचा. सगळ्या देशाला झोप हवी होती असं मला वाटे. त्यांनी मात्र नंतर मला कधी टोकलं नाही. माझ्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं त्यांना दिसत होती.

सगळ्यांना वाटायचं, आता समीर-मेघनाचं. आजींनाही वाटायचं. त्यांनी काही लपवलंही नाही. पाळणा कुणाच्याही घरून परत आला की तेल लावून पुसायच्या आणि म्हणायच्या, "आता घरचाच नंबर."

मेघना समीरसारखीच इंजिनिअर. कामात तरबेज, बोलायला कमी. एका संध्याकाळी तिने आजींना समोर बसवून सांगितलं. हे मला आजींनीच सांगितलं, बसस्टॉपवर, बस येईपर्यंत.

"म्हणाली, आई, मला मूल नको आहे. होत नाही असं नाही. नकोच आहे. समीरला लग्नाआधीच सांगितलं होतं, त्याला चालतंय. तुम्ही वाट बघताय म्हणून तुम्हाला सांगते." आजींनी रुमालाची घडी मोडली, परत घातली. "ती थोरली ना घरात. आई आजारी, आठव्या वर्षापासून दोन भावंडं कडेवर. म्हणाली, माझं मूल सांभाळून झालंय, आई."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? म्हटलं, चहा टाक." बस आली. चढता चढता मागे वळून म्हणाल्या, "राग आला असता तर बरं झालं असतं बघ. रागाला काहीतरी करता येतं."

आता ही गोष्ट आजींना माहीत, मला माहीत. बाकी बायकांना नाही. त्यामुळे गौरीच्या मुलाच्या बारशाला जे झालं ते व्हायचंच होतं.

गौरीचं घर पाहुण्यांनी भरलेलं. पाळण्याला फुगे, फुलांच्या माळा. टोपडं घातलेला वरवंटा या हातातून त्या हातात, पाळण्याखालून, पाळण्यावरून, "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या!" आणि अचानक कुणालातरी सुचलं, "अगं, मेघनाला द्या! तिच्या ओटीत घाला! पुढचा पाळणा तिचाच!" लगेच तिघी-चौघी उठल्या. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. आपल्याकडे असंच करतात. मेघना भिंतीशी उभी, हातात बटाटेवड्याची कागदी बशी. तिची बशी काढून घेतली, ओढणी पसरायला लावली. "लाजतेस काय? घे घे!" तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. नको म्हणावं तर एवढ्या लोकांत कारण सांगावं लागणार, घ्यावं तर खोटं. समीर बाहेर बार्बेक्यूपाशी. मी उठेपर्यंत आजी मधे पोहोचल्यासुद्धा.

"आणा इकडे," त्यांनी वरवंटा हिसकावूनच घेतला. "घरात थोरली कोण? मी का ती? माझा नंबर सोडून तिला कसं देता?" आणि भर सभेत पदर पसरून वरवंटा स्वतःच्या ओटीत घेतला.

 मग हशा उसळला.

"आजी, या वयात?"

"का? तुम्हा तरण्याताठ्यांना जमेना, मग म्हातारीनेच कंबर कसायला नको? ए गौरे, मला डोहाळे लागलेत. शिरा नको, भेळ पाहिजे. आणि डोहाळजेवणाला सगळ्यांनी हिरव्या साड्या नेसून यायचं!" बायका हसून हसून लोळल्या. त्या हशातच त्यांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली, बाळाच्या आत्याला पुढे बोलावलं, आणि सगळ्यांच्या माना बाळाकडे वळल्या. मेघना मात्र बाळाकडे बघत नव्हती. ती ओढणी तशीच हातात धरून आजींकडे बघत होती.

डोकं दुखतंय सांगून ती आणि समीर लवकर निघाले. आजींना मी घरी सोडायला नेलं. मोटरवे तुंबलेला. वरवंटा अजून त्यांच्या मांडीवर, टोपड्यासकट.  

"मला हवं होतं गं, वृंदे," त्या एकदम म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? लोकांची इतकी पोरं पायांवर घेतली, दर वेळी वाटायचं, हात साफ राहू दे, आपल्या घरचं येईल तेव्हा चुकायला नको." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "पण ती मला आई म्हणते. तोंडदेखलं नाही म्हणत. मी आजारी पडले तर रात्रभर उशाशी बसते. जे नाही त्याच्यासाठी जी आहे ती घालवू?"

माझ्याकडे साधा रुमालही नव्हता. ऋचाचे ओले वाइप्स होते, तेच दिले. त्यांनी एक नाकाला लावला आणि म्हणाल्या, "शी! लिंबाचा वास कसला येतोय?" मग आम्ही दोघी रडत रडत हसलो आणि मागच्या गाडीने हॉर्न वाजवला.

पुढच्या आठवड्यात मेघना एका बागसामानाच्या दुकानातून काळ्या दगडाची जाड फरशी घेऊन आली. घासून, धुऊन, छिन्नीने टाके घालून तिने ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. इंजिनिअर बाई, तिने टाके कसे मोजून-मापून घातले होते ते बघायला हवं होतं. म्हणाली, "आई, वरवंट्याला पाटा आणलाय. चटणी कशी वाटायची ते शिकवा."

आजींनी वरवंट्याचं टोपडं काढलं. "चला," म्हणाल्या, "इतकी वर्षं बिचारा बिनलग्नाचा होता." त्या दिवसापासून वरवंटा ओट्यावरच राहिला. त्या घरची ओल्या खोबऱ्याची चटणी मी कितीतरी वेळा खाल्ली आहे. मिक्सरची आता घशाखाली उतरत नाही.

गौरीनंतर पाळण्याला बोलावणं आलं नाही. नव्याने आलेल्यांपैकी एखादीला मूल झालंच तर ती बॅटरीवर आपोआप हलणारा पाळणा आणायची. आजींनी तो एकदा बघितला, हात मागे बांधून. "आतलं पोर उचललं की बंद होतो का गं हा?" एवढंच विचारलं. सागवानी पाळणा त्यांच्या खोलीत पलंगाच्या पायथ्याशी लागला. त्यात त्या आपल्या घडी केलेल्या साड्या ठेवायच्या.

रविवारी मात्र बाजार चुकवायच्या नाहीत. सिनाच्या भोवती नेहमी आठ-दहा जण असायचेच, मुली, सुना, काखेतली, रांगती. आजी तिथे स्टूलवर बसून राहायच्या. कुठलंही पोर कुणीही त्यांच्या मांडीत टाकून निघून जायचं. एकमेकींची भाषा येत नव्हती, पण दोघींचं तासन्‌तास चालायचं. परत येताना म्हणायच्या, "घर कसं भरलेलं असावं बघ." आणि मग लगेच, "पण तिचे गुडघेही गेलेत हो. विचारलं मी."

मग आजींचं हृदय थकलं. डॉक्टरांनी तसंच सांगितलं, थकलंय, आता फार काही करण्यासारखं नाही. समीर बावरला. मेघनाने मात्र काम अर्धवेळ करून घेतलं.

एका शनिवारी मी मुगाचं कढण घेऊन गेले. दार उघडंच होतं. न्हाणीघरातून पाण्याचा आणि बोलण्याचा आवाज. आजी टबात, प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेल्या, किती लहान झाल्या होत्या! आणि मेघना काठावर, शॉर्ट्स आणि जॅंडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून, पाय टबात सोडून. डाळीचं पीठ आणि साय. एका हाताने मगातून पाणी घालत होती आणि दुसरा हात आजींच्या कपाळावर आडवा धरला होता, पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कुणाकुणाकडे आजींना सोडायला-आणायला जायची, दारात उभी राहायची. तेवढ्यात बघून ठेवलं असणार.

"वृंदे, ये!" आजींना मी दिसले. आवाज बारीक, पण सूर तोच. "किती टबांत किती पोरं न्हाऊ घातली मी. आमच्या घरचा टब मेला कोरडाच राहिला म्हणायचे. आता बघ."

"आई, बडबड नको. डोळे मिटा, पीठ जाईल," मेघना म्हणाली.

"बघ कशी दटावते!"

अंग पुसून, गाऊन घालून तिने त्यांना पलंगावर बसवलं. केस विंचरले. मग स्वतःची काजळाची पेन्सिल काढून त्यांच्या हनुवटीखाली एक छोटी तीट लावली.

"अगं, म्हातारीला कोण दृष्ट लावतंय?"

"मी," मेघना म्हणाली, आणि टॉवेल वाळत घालायला बाहेर गेली. आजींनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झोपल्या. पण त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

थंडी सुरू व्हायच्या आत आजी गेल्या. घरीच, दुपारी.

दोन-तीन महिन्यांनी मेघनाचा फोन आला. "वृंदाताई, पाळणा कुणाला हवाय का विचाराल? पडून राहिलेला त्यांना आवडला नसता." मी सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी अगदी मनापासून आजींची आठवण काढली. पाळणा कुणालाच नको होता. मीही आठ दिवस स्वतःलाच विचारत होते, आपल्याला हवा का, आणि उत्तर दर रात्री तेच यायचं, मला झोप हवीय.

शेवटी मेघनाच म्हणाली, "सिनाला विचारू या का?"

रविवारी बाजारात गेलो. आजी गेल्याचं सिनाला आधीच कळवलं होतं, तरी तिने आम्हा दोघींना पुन्हा मिठीत घेऊन पुरतं रडून घेतलं. तिच्या धाकट्या मुलीला दिवस गेले होते, अगदी भरत आले होते. पाळणा म्हटल्यावर तिने हात जोडले आणि त्या मुलीच्या घराचा पत्ता सांगितला, जवळच होता. निघताना आम्हाला भाजी घ्यायला लावली आणि पैसे काही केल्या घेईना.

मेघना गाडी चालवत होती. मागच्या सीट पाडून पाळणा उभाच ठेवला होता, जोडलेला, कारण सुटा करायचं दोघींच्याही जिवावर आलं होतं. साड्या काढलेल्या. वरवंटा घरी, ओट्यावर. त्या रस्त्याला गतिरोधक फार. पहिल्यावर गाडी उडाली तसा मागे पाळणा कर्रकर्र हलला. दुसऱ्यावर पुन्हा. मेघनाने आरशात बघितलं.

मग तिने इंडिकेटर दिला आणि गाडी बसस्टॉपवर लावली, जिथे थांबायला सक्त मनाई असते. मला वाटलं तिला रडू आलं. ती उतरली, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि माझ्या पायाशी ठेवलेल्या पिशवीतून कोबीचा गड्डा काढला. मागे जाऊन तो पाळण्यात ठेवला. स्वतःचं जाकीट काढून वर पांघरलं, कडा नीट खोचल्या. बसच्या रांगेतली माणसं बघत होती. तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

परत येऊन बसली, पट्टा लावला.

"हं," म्हणाली, "आता हलू दे."